मानेतला चिमटा आणि ह्यांचं नाव

माझ्या मानेत डाव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली, धातूचा एक चिमटा आहे. तो बसवला त्याला आता खूप वर्षं झाली. थंडीत तो जास्त जाणवतो. कुणी विचारलं तर मी सांगते, डोक्यातल्या शिरेसाठी बसवलाय. मग समोरचा माणूस आधी माझ्या डोक्याकडे बघतो, मग मानेकडे बघतो. दुखणं डोक्यात आणि चिमटा मानेत, हे कसं ते मलाही कित्येक दिवस कळलं नव्हतं, तेव्हा त्याला मी दोष देत नाही.

आधीच सांगून ठेवते, त्या दिवसांचं मला सगळं सलग आठवत नाही. काही ह्यांनी सांगितलेलं आहे, काही आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. ज्या दिवसाबद्दल ते म्हणायचे सोमवार होता, त्या म्हणायच्या उपास होता म्हणजे गुरुवारच. ते ठीक आहे. पण एक गोष्ट अशी आहे की तिथं मी स्वतः होते, शुद्धीत होते, आणि तरी ती मला माहीत नाही. तिच्यापायीच हे लिहायला बसले. लिहून उलगडेल असं वाटत नाही. पण न लिहूनही कुठं उलगडलंय?

चीनची लढाई संपून वर्ष झालं असेल. मी दौंडला प्राथमिक शाळेत शिकवत होते. माहेर शिरूरचं, सासर मांडवगण फराट्याचं, पण हे रेल्वेत, लोको शेडमध्ये फिटर, म्हणून बिऱ्हाड दौंडला रेल्वेच्या चाळीत. एका सकाळी फळ्यावर मी एक ओळ लिहिली आणि दोन दिसल्या. वाटलं, खडू तुटका असेल. मग एका मुलीची वही तपासताना मी तिला रागावले, की एकच गणित दोनदा कशाला उतरवलंस, कागद काय झाडाला लागतात? ती रडायला लागली. शेजारच्या मुलीनं वही उचलून बघितली आणि म्हणाली, बाई, एकदाच लिव्हलंय. मी डोळे चोळले, पुन्हा बघितलं, तर दोनदाच. तिची माफी मागायची राहूनच गेली.

आठ दिवसांनी आत्याबाई मांडवगणाहून आल्या, त्याही दोन आल्या. एक पुरेशी होती, असं मी ह्यांना म्हटलं आणि आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसण्यासारखं वाटत होतं. पुढं डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू झाला आणि हसणं थांबलं.

आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मग त्यांनी निदान केलं की डोळ्यात वारं शिरलंय, आणि नदीपलीकडे एक जण कानशिलाला डाग देतो, गुण येतो म्हणे. मी म्हटलं, डागायला मी बैल नाही. सूनबाईनं असं तोंड वर करून बोलावं याचा त्यांना राग आला, आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या वडिलांनी मला शिरूरला नेलं. तिथं बाजाराच्या दिवशी एक चष्मेवाला बसायचा. त्यानं काचा बदलून बदलून शेवटी एक चष्मा बसवला. त्या चष्म्यानं एवढाच फरक पडला, की दोन्ही आत्याबाई आता स्वच्छ दिसू लागल्या.

मग डावी पापणी खाली यायला लागली. आठवडाभरात डोळा पुरा झाकला, आणि गंमत अशी की सगळं पुन्हा एकेक दिसू लागलं. एक फळा, एक ओळ, एक सासू. एक डोळा मिटला की दोनाचं एक होणारच, हे शाळामास्तरणीला कळू नये? मला नाही कळलं. मला वाटलं, बरी झाले. पापणीचं काय, ती येईल वर. मी चक्क शाळेत पेढे वाटले. एक डोळा बंद ठेवून पेढे वाटणारी बाई बघून हेडमास्तर काय म्हणाले असतील देव जाणे.

हे मात्र मला ओढतच रेल्वेच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी बोटानं माझी पापणी उचलली, आणि समोर दोन डॉक्टर उभे राहिले. मी तसं सांगितलं. तोपर्यंत ते ह्यांच्याशी शेडमधल्या कुणाबद्दल तरी हसून बोलत होते. ते हसायचे थांबले, टेबलाशी गेले आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहायला बसले.

मुंबईची मला फक्त एक खोली आठवते. लांबच लांब वॉर्ड, लोखंडी खाटा, आणि खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. तिथं माझ्या मानेत सुई घालून औषध सोडलं आणि डोक्याचे फोटो काढले. ते औषध डोळ्यामागं गेलं तेव्हा तिथं निखारा ठेवल्यासारखं झालं, आणि मी त्या डॉक्टरांना जे बोलले ते शिक्षिकेला शोभणारं नव्हतं.

मोठे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले होते, पण मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी आम्हाला फोटो दाखवले. डोक्याला रक्त नेणारी डावीकडची मोठी शीर डोळ्याच्या मागं एका जागी फुगली होती. सायकलची ट्यूब एखाद्या ठिकाणी पातळ होऊन फुगते ना, तसं, असं ते म्हणाले. तो फुगा डोळ्याच्या नसा दाबत होता, म्हणून पापणी पडली. आणि फुटला तर? असं ह्यांनी विचारलं. डॉक्टरांनी फोटोच पुन्हा उजेडाकडे धरला.

ती जागा अशी अवघड होती की तिथं हत्यार पोचत नव्हतं. अशा केसेस फार कमी येतात, असं ते म्हणाले, आणि मला उगाच जरा मान मिळाल्यासारखं वाटलं. मग इलाज एकच. फुग्याकडे जाणारी शीर खाली मानेतच बंद करायची. पण एकदम बंद केली तर डोक्याचा डावा भाग उपाशी पडतो, आणि उजवा हात आणि बोलणं त्या भागाच्या ताब्यात असतं. म्हणून शिरेभोवती एक चिमटा बसवायचा, त्याच्या स्क्रूची दांडी जखमेतून बाहेर ठेवायची, आणि रोज थोडा थोडा तो आवळायचा. तेवढ्यात उजवीकडच्या शिरा डावीकडे रक्त पोचवायला शिकतात. शिकल्या तर.

"आन् न्हाई शिकल्या तर?" ह्यांनी विचारलं.

"म्हणून तर रोज आवळल्यावर मी यांना बोलायला लावणार. बोलणं थांबलं किंवा हात पडला, की त्याच क्षणी स्क्रू सैल. वाट बघायची नाही. उशीर झाला तर गेलेलं बोलणं परत येईलच असं नाही."

मी मास्तरीण. माझं बोलणं गेलं तर माझ्याकडे उरतं काय? एवढं एकच मला त्या सगळ्यातून नीट कळलं. बाकीचं ह्यांना कळलं. त्यांनी तो चिमटा हातात घेऊन बघितला, आटे किती बारीक आहेत ते नखानं तपासलं, आणि एका फेऱ्यात किती आवळतो असं विचारलं. डॉक्टर खूश झाले. त्या दोघांचं बराच वेळ चाललं होतं आणि मी नुसती ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या मानेची गोष्ट होती.

चिमट्याच्या आधी काही दिवस डॉक्टर अंगठ्यानं माझ्या मानेतली शीर दाबून धरायचे आणि मी पाढे म्हणायचे. पहिल्याच दिवशी, माझ्या सोबतीला मुंबईला आलेल्या आत्याबाई नेमक्या चहाची किटली घेऊन वॉर्डात शिरल्या. किटली तिथंच टाकून त्या ओरडल्या, "आरं, पोरीचा गळा दाबत्यात की!" मी गळा दाबलेल्या स्थितीत सत्तावीसचा पाढा म्हणत होते, म्हणून निभावलं.

चिमटा बसवायच्या दिवशी मंगळसूत्र काढायला सांगितलं. आत्याबाई ऐकेनात. शेवटी त्यांनी ते स्वतः माझ्या गळ्यातून काढलं आणि माझ्या उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलं. अंगावरनं उतरलं न्हाई म्हंजी झालं, असं त्या म्हणाल्या. गळ्यात चिमटा आणि मनगटात मंगळसूत्र, अशी मी पुढचे दिवस पडून होते.

पहिले दोन दिवस किल्लीनं पाव-पाव फेरा आवळला, मी पाढे म्हटले, हात उचलला, सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, पाढे बंद. लहानपणी पाठ केलेलं असतं ते बोलणं गेलं तरी येतं, प्रार्थना येते, गाणं येतं, त्याच्यावर भरवसा नाही. मला नावं पाहिजेत. मग पाव फेरा आवळून त्यांनी घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, घड्याळ. पेन दाखवलं, पेन. खिडकी दाखवली, खिडकी. मग पायथ्याशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बोट करून म्हणाले, "हे कोण?"

"मालक."

"नाव सांगा."

आता हे सांगायला हवं, की मी ह्यांचं नाव कधी घेत नव्हते. आमच्याकडे कुणीच घेत नाही. मी सातवीची फायनल पास झालेली, मास्तरकीचं ट्रेनिंग केलेली. तसल्या गोष्टींवर माझा विश्वास होता असंही नाही. शाळेच्या कागदावर नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात मी ते ठसठशीत लिहीत असे. लिहायला हरकत नव्हती. तोंडानं घ्यायचं नव्हतं, एवढंच. स्टेशनाजवळ त्याच नावाचं किराणा दुकान होतं, त्याला मी कोपऱ्यावरचं दुकान म्हणायची. ते कोपऱ्यावर नव्हतं. मी पाठवलेली माणसं कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची, पण नाव काही माझ्या तोंडून आलं नाही. आणि इथं तर खाटेच्या उशाशी साक्षात आत्याबाई उभ्या.

मी गप्प राहिले.

"नाव, बाई. यांचं नाव काय?"

मी खाली बघितलं. डॉक्टरांचा हात किल्लीवर गेला आणि मला मानेत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी चिमटा पार सैल केला होता. सिस्टर धावल्या, डोळ्यात बॅटरी मारली, तळपायाला टोचलं. थोड्या वेळानं मी म्हटलं, काय झालं? तर डॉक्टर म्हणाले, तुमचं बोलणं गेलं होतं.

गेलं होतं? मला वाटत होतं मी लाजले. म्हणजे मला चांगलं आठवतं, मी मनात म्हटलं, आत्याबाईंच्या देखत नाही घ्यायचं. पण मग मी "आम्ही नाव घेत नाही" एवढं का म्हटलं नाही? डॉक्टरांशी मी एरवी भांडत होते. डाग द्यायला निघालेल्या सासूला मी बैल नाही म्हणून सांगणारी बाई मी. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? त्याचं उत्तर शोधायला गेलं की आठवणीत तिथं काहीच नाही. ना लाज, ना शब्द. नुसतं पांढरं.

हे मात्र व्हरांड्यात हसत होते. डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, बोलणं कुठलं जातंय? आमच्यात बायका मालकाचं नाव घेत न्हाईत. तुम्ही तिला दुसरं कायबी इचारा."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "माझी आईसुद्धा घेत नाही. मला सुचायला पाहिजे होतं!" दोन दिवसांची मेहनत फुकट गेली होती. पण नाव विचारायचं ते सोडेनात. अवघड प्रश्न तोच खरा, असं त्यांचं म्हणणं. आता हा पेच आत्याबाईंकडे गेला, कारण असल्या बाबतीत मोठ्या डॉक्टर त्याच. त्यांनी विचार करून निकाल दिला.

"उखाण्यात घेतलं म्हंजी चालतंय. लग्नात न्हाई का घेत?"

पुढचे दोन दिवस चिमटा पुन्हा हळूहळू आवळत आणला, आणि मी पडल्या पडल्या उखाणा जुळवला. वॉर्डातल्या बायकांनी त्यात हात घातला. कुणाला चांदीचं ताट हवं होतं, कुणाला महादेवाची पिंड. मी म्हटलं, माझा मी करते. झाला तो असा: दौंडच्या शेडात इंजिन पितं पाणी, अमुकरावांचं नाव घेते डॉक्टरांच्या कानी. फार काही भारी नाही, पण मला आवडला. मी तो दहा वेळा घोकला.

त्या सकाळी माझ्या खाटेभोवती लग्नघरासारखी गर्दी झाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी टेकून बसली. सिस्टर हसत होत्या. आत्याबाईंनी डोक्यावर पदर घेतला. डॉक्टरांनी पाव फेरा दिला आणि घड्याळ दाखवलं. घड्याळ, मी म्हटलं. हातातली किल्ली दाखवली. ह्यांना आठवत होतं की किल्लीला मी "फिरवायचं" असं म्हटलं. मला ते आठवत नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण सगळ्यांचे कान पुढच्यावर होते.

"आता नाव," डॉक्टर म्हणाले.

"दौंडच्या शेडात इंजिन पितं पाणी," मी झक्क म्हटलं. आणि थांबले.

उखाणा ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे, की नवरी तिथंच थांबते. पहिली ओळ धडाधड म्हणते आणि नावाशी येऊन अडते, मान खाली घालते, आणि मग सगळ्या बायका "घे, घे" करून तिला भंडावतात. तसंच झालं. "लाजली गं लाजली!" म्हातारी म्हणाली. सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या. आत्याबाईसुद्धा पदराआडून हसल्या. परवा फसलेले डॉक्टर आज शहाणे झाले होते; तेही हसले, म्हणाले, "घ्या सावकाश," आणि सगळं व्यवस्थित आहे असं समजून त्यांनी आणखी पाव फेरा दिला.

मी लाजले नव्हते. एवढं मात्र मला पक्कं आठवतं. मी ठरवून आले होते, घोकून आले होते, आणि नाव कुठं होतं? गच्च झाकणाचा डबा हातात धरून बसावं, आत काय आहे ते माहीत असावं आणि झाकण निघू नये, तसं झालं. मला त्यांना सांगायचं होतं की हे ते नाही, हे परवासारखं नाही. तेही येत नव्हतं. सगळे हसत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, आणि भीतीला लागणारा एकही शब्द माझ्याजवळ नव्हता.

उजवा हात मी खाटेच्या कठड्यावर ठेवला होता. तो घसरला. मनगटातलं मंगळसूत्र लोखंडी दांडीवर खडखडत खाली आलं. हे म्हणायचे, तो आवाज सगळ्या हसण्यातून त्यांना वेगळा ऐकू आला. दिवसभर हातोडीनं ठोकून लोखंडाचा आवाज ऐकण्यात ज्याचा जन्म गेला, त्यालाच तो ऐकू यायचा. आत्याबाई म्हणायच्या, आवाज-बिवाज काही नाही, त्यानं तुझं तोंड बघितलं. नाव घेताना नवरीच्या ओठावर हसू असतं, ते नव्हतं. काय असेल ते असो. हे दोन ढांगात खाटेशी आले आणि डॉक्टरांवर ओरडले, "ढिला करा! आदी ढिला करा!"

"अहो, त्या लाजताय—"

"लाजत न्हाई ती! ढिला करा म्हंतो ना!"

आणि डॉक्टरांनी मुकाट्यानं सैल केला. मग किती वेळ गेला? हे म्हणायचे, अर्धा तास. आत्याबाई म्हणायच्या, एक चहा उकळेल एवढा. माझ्या हिशेबी वेळ असा नव्हताच. ह्यांनी माझा उजवा हात धरला होता, आणि तो त्यांच्या हातात आहे हे मला दिसत होतं पण कळत नव्हतं. मग बोटांना मुंग्या आल्या. आणि मग नाव आलं.

नुसतं नाव. पुढं राव नाही, मागं उखाणा नाही. शेडमधले सोबती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारतात, तसं मोठ्यानं, एकेरी. माझं मलाच ऐकू आलं तेव्हा मी दचकले, पण थांबता येईना. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. भर वॉर्डात, परक्या पुरुषांसमोर, सासूच्या देखत.

"हाय," हे म्हणाले. "हितंच हाय मी."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. "घे पोरी," त्या म्हणाल्या. "आजून घे. थांबू नगंस."

पुढं डॉक्टरांनी आठ दिवस चिमट्याला हात लावला नाही. मग पुन्हा सुरुवात केली, पण पाव फेऱ्याऐवजी त्याच्या निम्मा, आणि उखाणे बंद. रोज सकाळी किल्ली फिरली की आत्याबाई डॉक्टरांच्या आधीच पुढं व्हायच्या आणि विचारायच्या, "माझ्या लेकाचं नाव काय गं?" मी सांगायची. त्या डॉक्टरांकडे बघून मान हलवायच्या, म्हणजे आजचं काम झालं. जिनं जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, सुनेच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, ती बाई रोज ते ऐकल्याशिवाय चहाला तोंड लावत नव्हती. चिमटा पुरा मिटला त्या दिवशी मी नाव घेतलं, घड्याळ म्हटलं, किल्लीला किल्ली म्हटलं. दोन-तीन दिवस वाट बघून बाहेरची दांडी काढून टाकली, जखम शिवली, आणि चिमटा आत राहिला तो राहिलाच.

पापणी निम्मी वर आली, निम्मी नाही आली. उजव्या हाताचा खडू आजही ओळ सोडून खाली उतरतो. बोलणं सगळं परत आलं. जास्तच आलं, असं हे म्हणायचे. दौंडला परतल्यावर पहिल्याच दिवशी मी सवयीनं त्यांना नावानं हाक मारली, तर चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "आता बास." मी बास केलं. ते दुकान पुन्हा कोपऱ्यावर गेलं.

नंतर वर्षभरानं असेल, रविवारची दुपार होती. मी ओट्यावर घेवडा मोडत बसले होते आणि हे सायकल उलटी ठेवून पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. बघता बघता थांबले.

"एक इचारू?"

"विचारा."

"त्या पयल्या खेपेला, तू गप ऱ्हायलीस तवा, ते लाजूनच ना?"

मी घेवडा मोडायची थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. ट्यूब पाण्यातच धरून ठेवली होती. आणि मला एकदम कळलं, की वर्षभर ह्या माणसाच्या मनात काय चाललंय. पहिल्या वेळी मी लाजले असेन, तर ते डॉक्टरांना जे बोलले ते खरं होतं, पुढं जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही. पण पहिल्या वेळीच माझं बोलणं गेलं असेल, तर डॉक्टरांचं बरोबर होतं, आणि ह्यांनी हसत हसत त्यांना चुकीचं सांगितलं होतं. मग उखाण्याच्या वेळचा तो दुसरा पाव फेरा ह्यांच्या शब्दावर फिरला.

मला माहीत नव्हतं. आजही नाही. त्या पांढऱ्या जागेत मी किती वेळा जाऊन आले, तिथं काही सापडत नाही. हे जाऊन आता सात वर्षं झाली, आत्याबाई त्याआधीच गेल्या, डॉक्टर तर असतीलच कुठले. विचारायला कुणी राहिलं नाही, आणि असतं तरी त्यांना काय ठाऊक असणार?

"लाजूनच," मी म्हटलं. "आत्याबाई होत्या ना उशाशी."

त्यांनी मान हलवली आणि ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. ते उत्तर खरं होतं की खोटं, ते मला सांगता येणार नाही. पण ते देताना मी क्षणभरही अडले नाही, एवढं मला अगदी स्पष्ट आठवतं.